केसांना लावलेला ओळंबा

एका राज्यात सगळं सरळ होतं. रस्ते सरळ, भिंती सरळ, शेतांचे बांध सरळ. नदीला तेवढं वळण होतं, तर तिलाही दगडी काठ बांधून सरळ केलं होतं. पावसाळ्यात ती त्या काठांचं काय करी, हे कोणी बोलून दाखवत नसे. त्या राज्याची रीत अशी, की गादीवर बसणाऱ्याच्या केसांना भर दरबारात ओळंबा लावायचा. गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा, दोरीला टांगलेला पितळी भार. राजपुरोहिताने दोरी भांगाशी धरायची, भार खाली सोडायचा. केस दोरीच्या रेषेत उतरले तर मुकुट. एक बट जरी वळली, तर अनवाणी पायांनी सीमेपार. असं का, म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं होतं: वाकडे केस, वाकडी मती. म्हण जुनी होती, आणि जुनं ते खरं, असा त्या लोकांचा समज होता.

त्या राज्याचा राजा भद्रसेन. त्याची पाठ कधी वाकली नाही, मान कधी वळली नाही, डोईचं पागोटं कोणासमोर उतरलं नाही. देवापुढेही तो ताठ उभा राही, आणि लोक म्हणत, राजा असावा तर असा. त्याला एकुलती एक मुलगी, अंबुजा. तिची आई बाळंतपणातच गेली. दाई मुलीला उंच धरून राजाच्या हातात देई तेव्हा तो घेई. खाली वाकून त्याने लेकीला कधी उचललं नाही. लोकांना तेही राजेपणच वाटे. लोकांचं काय जातं!

अंबुजेचे केस मात्र जन्मापासून कुरळे. असे कुरळे, की डोक्यावर पडलेल्या पाण्याच्या थेंबाला खांद्यावर यायला दहा वळणं घ्यावी लागत. हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं. एका राजाला, आणि दुसऱ्या भिवरेला. भिवरा राजवाड्यातली सैरंध्री. राजघराण्याच्या केसांना तेल-पाणी करणं हे तिचं काम. आईविना पोरीला न्हाऊमाखू घालून तिनेच वाढवलं होतं.

अंबुजा सात वर्षांची झाली तेव्हा राजाने भिवरेला एकांतात बोलावलं आणि एक काळी सळई तिच्या हातात ठेवली.

"ही मांत्रिक लोहकंठाने दिली आहे. हिला विस्तव लागत नाही, ही आपणच तापते. दर पुनवेला केस धुऊन झाले की मुळापासून टोकापर्यंत फिरव. पोरीचे कुरळे केस लोकांनी पाहिले तर तिला सीमेपार जावं लागेल."

"आज्ञा, महाराज," भिवरा म्हणाली.

सळई फिरली की केस सरळ होत, आणि पुढच्या न्हाणापर्यंत सरळ राहत. एवढ्यावर भागलं असतं तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. पहिल्या वर्षी अंबुजेची करंगळी वळेनाशी झाली. मग बाकीची बोटं. मग कोपर, मग गुडघे, मग कंबर, मग मान. सळई केसांचं वळण उसनं काढी, पण देहाचं वळण कायमचं घेऊन जाई. अठराव्या वर्षी राजकन्येला बसता येत नव्हतं, निजता येत नव्हतं. दोन उभ्या फळ्यांना टेकून ती डोळे मिटी. आणि मागच्या पुनवेला तिच्या ओठांचं वळण गेलं. तिला हसता येईना.

भिवरेला हे कधी कळलं? खोटं कशाला सांगा, तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. पण दर पुनवेला ती स्वतःला बजावी, की पोर दूर देशी अनवाणी हिंडण्यापेक्षा डोळ्यांसमोर ताठ उभी असलेली बरी. माणसाला आपल्या चुकीसाठी कारण हवंच असतं, आणि शोधलं की ते सापडतं. "भिवराई, तुझ्या हातात काय आहे?" असं पोरीने विचारलं, की भिवरा म्हणे, "काही नाही, ताईसाहेब." अंबुजेला मान वळवून पाहता येत नसे.

आता राज्याभिषेक तीन दिवसांवर आला होता. राजाचा निरोप आला, "अभिषेकाच्या सकाळी सळई फिरव."

तो निरोप ऐकून भिवरेने मनाशी हिशेब केला. अंबुजेपाशी आता एकच वळण उरलं होतं: छातीतला श्वास, जो वर चढतो आणि खाली उतरतो.

ती राजकन्येच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. तेव्हा खिडकीच्या चौकटीवर एक सुगरण येऊन बसली. पिवळ्या डोक्याचं, चिमुकलं पाखरू. ते बोललं.

"बाई, अकरा वर्षं तू राजकन्येच्या केसांचा गुंतवळ चुलीत न घालता या खिडकीत ठेवलास. माझ्या घरट्याला त्याचंच अस्तर आहे. त्याची फेड म्हणून सांगते, ऐक."

"सांग," भिवरा म्हणाली.

"लोहकंठाच्या बुरुजात एक लोखंडी पेटी आहे. सळईने घेतलेली सगळी वळणं तिच्यात कोंडलेली आहेत. त्याला गादीवर लोखंडाची राणी हवी आहे. जिला मान वळवता येत नाही, तिला मागे उभा असलेला दिसत नाही."

"मग पेटी फोडू?"

"ती घणाने फुटत नाही. सळईची सत्ता एका गोष्टीवर उभी आहे. तिच्यावाचून केस सरळ होतच नाहीत, असं सगळे मानतात. एकदा लोखंड आणि आग न लावता हे केस ओळंब्याला उतरले, की सळईला घेतलेलं परत द्यावं लागेल."

"ते कसं करायचं? मला सळईवाचून दुसरं येत नाही."

"तीन गोष्टी लागतील. लोहकंठाच्या दारावर टांगलेली कोरफड, लोखंड न लावता तोडलेली. काळ्या रानातल्या अस्वलाने केलेली शिंगाची फणी. आणि तीन प्रहरांचा धीर. पहिल्या दोन तुला आणता येतील. तिसरी कुठे मिळते ते मला ठाऊक नाही."

एवढं बोलून पाखरू उडून गेलं.

भिवरा त्याच दुपारी बुरुजाकडे गेली. दारावर कोरफडीचं झाड मुळांना दोरी बांधून उलटं टांगलेलं होतं. माती नाही, पाणी नाही, तरी हिरवंगार. दाराच्या दोन बाजूंना दोन लोखंडी कुत्रे. त्यांची शेपटंसुद्धा सळईसारखी सरळ होती, यावरून लोहकंठाची करामत ओळखावी. ते कुत्रे माणसाला हुंगत नसत, लोखंड हुंगत. लोखंड जवळ आलं की ते जागे होत आणि आणणाऱ्याला फाडत.

भिवरेला हे माहीत होतं. तिने कंबरेच्या किल्ल्या काढून ठेवल्या, अडकित्ता ठेवला, पायांतल्या वहाणांना खिळे होते म्हणून वहाणाही ठेवल्या. श्वास रोखून ती दारापर्यंत गेली आणि तिने कोरफडीला हात घातला. तोच डावा कुत्रा गुरगुरला. उजव्याने डोळा उघडला.

भिवरेने भराभर अंग चाचपलं. काही नाही. कुत्रे उठले. त्यांच्या नखांनी फरशीवर ठिणग्या उडाल्या. आणि मग तिला आठवलं, तिच्या स्वतःच्या अंबाड्यात आकडा होता! तीस वर्षं रोज तिथेच खोचलेला, म्हणून त्याची आठवणच राहिली नव्हती. जगाचे केस विंचरणारी, पण स्वतःच्या डोक्यात काय आहे याचा पत्ता नाही! तिने आकडा उपसला आणि जीव खाऊन अंगणापलीकडे भिरकावला. कुत्रे खणखणत त्याच्यामागे धावले. भिवरेने कोरफडीचं जाडसं पान दातांनी तोडलं आणि केस मोकळे सोडून पळत सुटली. तिचं तोंड दुसऱ्या दिवसापर्यंत कडू होतं.

दुसऱ्या दिवशी ती काळ्या रानात गेली. तिथे एका गुहेच्या तोंडाशी बसून अस्वल फण्या करत होतं. नखाने शिंग कोरायचं, दगडावर घासायचं, फुंकर मारायची. त्याने मान वर न करता विचारलं, "काय पाहिजे?"

"एक फणी, अस्वलदादा."

"फणी मागून मिळत नाही. माझ्या पाठीवर गोखरूचे काटे रुतलेत, केसांचा पार गुंता झालाय. ही फणी घे आणि तो सोडव. एकदा दुखलं तर गुरगुरेन. दुसऱ्यांदा दुखलं तर पंजा मारीन. तिसऱ्यांदा दुखलं तर खाईन. कबूल?"

"कबूल," भिवरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

फणी घेऊन ती अस्वलाच्या पाठीमागे बसली. तिचा हात सवयीचा. सळई मुळापासून टोकाकडे जाते, तशीच तिने फणी मुळाशी घातली आणि खाली ओढली. अस्वल गुरगुरलं. झाडांवरची पाखरं उडाली. भिवरेने घाम पुसला आणि आणखी हलक्या हाताने, पण पुन्हा मुळापासूनच फणी ओढली. गुंता खाली सरकत गेला आणि काट्यापाशी गच्च आवळला. अस्वलाने मागे वळून पंजा मारला. भिवरेच्या खांद्यावर चार ओरखडे उमटले आणि चोळी रक्ताने भिजली.

आता तिसरी वेळ. भिवरेचा हात मुळाशी गेला आणि तिथेच थांबला. ती नुसती बघत राहिली. गुंता वरून खाली ओढला की तो सुटत नाही, पुढे ढकलला जातो. मागचा पुढच्याला जाऊन मिळतो, आणि दोन्ही मिळून घट्ट होतात. तिने हात खाली आणला. केसांच्या अगदी टोकाला, जिथे गुंता जेमतेम चिमूटभर होता, तिथे फणी लावली. तेवढं सुटलं. मग बोटभर वर. तेही सुटलं. मग आणखी बोटभर. काटे एकेक करून आपणहून तिच्या ओंजळीत पडू लागले. ऊन डोक्यावर आलं, कललं. अस्वल घोरू लागलं.

जागं झाल्यावर ते म्हणालं, "बाई, फणी तुझी. आजवर नऊ जण आले. सगळे मुळापासून ओढणारे होते."

ते नऊ जण कुठे गेले, हे भिवरेने विचारलं नाही.

अभिषेकाची सकाळ उजाडली. मुहूर्त दिवसाच्या चौथ्या प्रहराचा होता. भिवरेने सळई उंबऱ्याबाहेर ठेवली आणि न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं. शिकेकाईने तिने अंबुजेचे केस धुतले, पाणी निपटून काढलं. कोरफड दगडाने फोडून तिचा गर केसांना टोकापासून मुळापर्यंत चोपडला. मग शिंगाची फणी घेतली आणि टोकाचा चिमूटभर गुंता सोडवला, मग बोटभर वर, मग आणखी बोटभर. फणीखाली केस ओलेपणी सरळ झाले, पण ओले केस कोणाचेही सरळच दिसतात. वाळताना ते पुन्हा आपल्या वळणावर जातात. जाऊ द्यायचे नाहीत, हेच तर काम होतं.

भिवरेने ते ताणून, चापून डोक्याभोवती गुंडाळले, डावीकडून उजवीकडे, पागोटं बांधावं तसे. बांबूच्या काड्या खोचल्या आणि वरून जुन्या लुगड्याचं मऊ फडकं घट्ट बांधलं. अंबुजा फळ्यांना टेकून उभीच असल्यामुळे तिला चौरंगावर उभं राहून हे सगळं करावं लागलं.

"आता?" अंबुजेने विचारलं.

"आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही, ताईसाहेब."

आभाळ त्या दिवशी भरून आलं होतं. वारा नाही, ऊन नाही. पहिला प्रहर सरला. भिवरेने फडकं सोडलं, केस उलगडले आणि आता उजवीकडून डावीकडे गुंडाळले, नाहीतर ते एकाच अंगाला वळून बसले असते. बोटांना ओल लागत होती.

दारावर थाप पडली. बाहेर राजा उभा होता.

"झालं?"

"नाही, महाराज. ओले आहेत."

"सळई घे."

"घेणार नाही."

"माझी आज्ञा आहे, भिवरा."

"मग दार फोडा आणि माझं डोकं उडवा. पण सळई तुमच्या हाताने फिरवा, महाराज. मी अकरा वर्षं फिरवली, आता फिरवणार नाही."

मग राजा म्हणाला, "मला वाकून विनवता येत नाही, भिवरा. येत असतं तर विनवलं असतं. माझी पोर सीमेपार जाऊ देऊ नकोस."

पावलं दूर गेली. भिवरेच्या मनात संताप दाटला. लेक मरणाच्या दारात उभी, आणि याला वाकण्याचा कमीपणा!

दुसरा प्रहर सरला. तिने पुन्हा केस उलगडले, पुन्हा उलट्या बाजूने गुंडाळले. अजून ओल होतीच. आभाळ तसंच कोंदलेलं. तेव्हा खिडकीत सुगरण आली. तिच्यामागे आणखी एक, मग दहा, मग शंभर. सगळ्यांच्या घरट्यांत अंबुजेचा गुंतवळ होता. त्या पाखरांनी न्हाणीघरात रिंगण धरलं आणि पंखांनी वारा घालायला सुरुवात केली.

दारावर दुसरी थाप पडली. ही थाप लोखंडावर लोखंड आपटावं तशी होती.

"भिवरा," लोहकंठ म्हणाला, "लोखंडावाचून केस सरळ झालेले कोणी पाहिलेत का?"

"नाही."

"तू पाहिलेत?"

"अजून नाही."

"मग कशाच्या भरवशावर बसली आहेस? ओळंब्याला बट वळली की पोर सीमेपार. तिला चालता येत नाही. रानातली कोल्ही तिला किती वेळ ठेवतील?" दाराखालच्या फटीतून काळी सळई आत सरकली आणि भिवरेच्या पायाशी येऊन थांबली. "तुझ्या हाताला ती ओळखीची आहे. एका क्षणाचं काम."

तो गेला. सळई तिथेच राहिली, आपोआप तापत.

तिसरा प्रहर सरत आला. दरबारात नगारा वाजला. भिवरेने फडक्याची कड उचलून पाहिलं. सगळे केस वाळले होते. फक्त उजव्या कानामागची एक बट ओली होती. ती बोटाभोवती आपणच वळत होती. नगारा पुन्हा वाजला. एकच तर बट. एकदाच तर फिरवायची. एवढ्याने श्वास थोडाच थांबेल? तिला कळायच्या आत तिने सळई उचलली होती. हात नेहमीच्या सवयीने वर गेला.

"भिवराई," अंबुजा म्हणाली, "तुझ्या हातात काय आहे?"

भिवरेच्या ओठांवर जुनं उत्तर आलं. अकरा वर्षं दिलेलं उत्तर. ते तिथेच अडकलं. तिला अस्वलाची पाठ आठवली. गुंता टोकाचा आधी सोडवायचा. सगळ्यात शेवटची चूक, आत्ताची, हातातली.

"सळई आहे, ताईसाहेब," ती म्हणाली. आणि एकदा टोक सुटल्यावर मग पुढचंही सुटलं. "मागच्या पुनवेला तुमचं हसू गेलं ते हिनेच. त्याआधी मान हिने घेतली, कंबर हिने घेतली. मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. तरी मी फिरवत राहिले. तुम्ही दूर जाल याची भीती वाटली म्हणून फिरवत राहिले."

"मलाही ठाऊक होतं," अंबुजा म्हणाली. "दर पुनवेला तुझा हात थरथरायचा."

"मग बोललात का नाही?"

"मला हात लावणारी तू एकटीच होतीस. तू यायची थांबली असतीस तर?"

भिवरा हंबरडा फोडून रडली. तिने सळई खिडकीबाहेर फेकली. ती खाली अंगणात लोहकंठाच्या पायांशी जाऊन पडली. मग भिवरेने ती ओली बट फणीत ताणून धरली आणि तिच्यावर फुंकर घालू लागली. एक सुगरण तिच्या मनगटावर येऊन बसली आणि पंख हलवू लागली. नगारा तिसऱ्यांदा वाजला. दारावर धक्के बसू लागले, कडी खिळखिळी झाली. भिवरेने मान वर केली नाही. बट वाळल्यावरच तिने आपल्या हाताने दार उघडलं.

चार दासींनी राजकन्येला उभीच्या उभी दरबारात आणलं आणि सिंहासनापुढे ठेवलं. भिवरा शिंगाची फणी मुठीत धरून पायरीशी उभी राहिली. राजा सिंहासनाच्या डाव्या हाताला ताठ उभा होता. उजव्या हाताला लोहकंठ, हातात सळई घेऊन. राजपुरोहित पुढे आला. तो इतका म्हातारा होता, की आधी त्याने दोरी खांबाशी धरली आणि मग कोणीतरी त्याला राजकन्येकडे वळवलं. कोणी हसलं नाही.

त्याने दोरी भांगाशी धरली. पितळी भार खाली सोडला. भार डावीकडे गेला, उजवीकडे आला. सगळा दरबार त्याच्याबरोबर डोळे फिरवत होता. भिवरेची नजर मात्र कानामागच्या बटेवर होती. बट किंचित हलली. भार हळू झाला, आणखी हळू झाला आणि थांबला. दोरी थांबली. बटही दोरीला लागून थांबली.

पुरोहिताने वाकून पाहिलं, या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"उतरले," तो म्हणाला. "केस ओळंब्याला उतरले."

"कशाने सरळ केलेत, तेही सांगते," भिवरा मोठ्याने म्हणाली. "पाणी, कोरफड आणि फणी. लोखंड नाही, आग नाही."

तिचे शब्द संपले आणि लोहकंठाच्या हातातली सळई वळली. आधी टोक वळलं, मग मधला भाग. ती कुरळ्या बटेसारखी त्याच्या मनगटाभोवती, दंडाभोवती, गळ्याभोवती गुंडाळत गेली आणि त्याला जमिनीशी घट्ट बांधून थांबली. बुरुजावर लोखंडी पेटीचं झाकण उडालं. आत कोंडलेली वळणं वाफेसारखी बाहेर आली आणि ज्याची त्याच्याकडे निघाली. जाता जाता दोन कुत्र्यांना त्यांची लागली. त्यांची शेपटं वाकडी झाली ती झाली, मग नळीत घालूनही सरळ झाली नाहीत.

अंबुजेची करंगळी वळली. मग मूठ वळली. तिने मान फिरवून आधी भिवरेकडे पाहिलं, मग चालत तीन पायऱ्या चढली आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा खाली बसली. ती सिंहासनावर बसली, पण तिला बसण्याचंच अप्रूप जास्त होतं.

पुरोहित अभिषेकाचा कलश घेऊन आला. त्या राज्यात अभिषेक डोक्यावर करत नसत, पायांवर करत. का, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

"डोक्यावर घाला," अंबुजा म्हणाली.

भिवरा दचकली. "ताईसाहेब, पाणी लागलं की—"

"ठाऊक आहे, भिवराई. डोक्यावर घाला."

पाणी पडलं. एकेक बट उसळली, वळली आणि आपल्या मूळच्या जागी जाऊन बसली. कुरळे केस भर दरबारात अंबुजेच्या खांद्यांवर उघडे पडले. लोकांमध्ये कुजबुज उठली. सेनापतीचा हात तलवारीकडे गेला. भिवरेच्या हातातून फणी सुटली आणि खालच्या पायरीवर खडखडत पडली.

"नियम काय सांगतो, पुरोहितबुवा?" सेनापतीने विचारलं.

म्हाताऱ्याने बराच विचार केला. "नियम सांगतो, ओळंबा लावताना केस सरळ असावेत. ते होते. मी पाहिलेत. पुढचं नियमात नाही."

"आणि वाकडे केस, वाकडी मती?" मागून कोणीतरी ओरडलं.

तेव्हा राजा भद्रसेनाने दोन्ही हात वर नेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा डोईचं पागोटं उतरवलं. आतून कुरळ्या, पांढऱ्या बटा बाहेर पडल्या.

"माझेही होते," तो म्हणाला. "अभिषेकाच्या दिवशी मीही तीन वेळा सळई फिरवून घेतली. तिने माझी मान घेतली, पाठ घेतली, गुडघे घेतले. तुम्ही त्याला राजेपण म्हणालात, आणि मी म्हणू दिलं. पोरीच्या देहात तेच उतरताना पाहिलं, तरी गप्प बसलो."

भिवरेला दाराआडचे शब्द आठवले, मला वाकून विनवता येत नाही. तिचा संताप जिथून आला होता तिथे परत गेला.

"तो ओळंबा गवंड्याला परत द्या," राणी अंबुजा म्हणाली. "भिंती सरळ असाव्यात. आणि केसांपायी ज्यांना सीमेपार केलं, त्यांना घोडे पाठवून परत आणा." असं म्हणून ती हसली. ओठ वळले तेव्हा तिलाच थोडं नवल वाटलं.

राजा पायऱ्या उतरू लागला. प्रत्येक पायरीला त्याचे गुडघे कुरकुरत होते. खालच्या पायरीवर फणी पडली होती. तिच्यापाशी तो थांबला आणि सगळ्या राज्यासमोर, एका सैरंध्रीच्या पायाशी, कंबरेतून वाकला. त्याने फणी उचलली. ती भिवरेला देईल असं तिला वाटलं, म्हणून तिने हात पुढे केला. त्याने ती दिली नाही. तो परत वर चढला, लेकीच्या मागे गेला आणि तिचे ओले, कुरळे केस त्याने ओंजळीत घेतले. त्याच्या हातांना हे काम ठाऊक नव्हतं. तो तसाच उभा राहिला आणि त्याने भिवरेकडे पाहिलं.

"कुठून सुरुवात करू?"

"टोकापासून, महाराज," भिवरा म्हणाली.

त्यांचा गुंता सुटला तसा ऐकणाऱ्यांचा सुटो, आणि सोडवणाऱ्याचा हात हलका असो.